माळवदातले गाठोडे

शास्त्रपाठ : यहोशवा ४ : १–९ व १९–२४



गेल्या उन्हाळ्यात आम्ही गोदाकाठच्या एका खेड्यात मंडळीच्या भेटीस गेलो होतो. तेथील एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबाचे माळवदाचे घर पाडण्याचे काम चालले होते. त्या जागी सिमेंटचे नवे घर उभे राहावयाचे होते. मजुरांनी छताची माती ओढून काढली, आणि तुळईच्या वरच्या अंगास किलचनात खोचलेले गोणपाटाचे एक लांबट गाठोडे धुळीसह खाली आले. सुतळी कुजली होती. ती हात लावताच तुटली. आत तीन वस्तू होत्या. एक पुरुषभर उंचीची काठी, तिच्या वरच्या टोकास गंजलेली घुंगरे. तांबड्या फडक्यात बांधलेले चांदीचे तीन लहान पत्रे. आणि काळे पडलेले एक पितळी मापटे.

घरातील लेकरे भोवती जमली आणि त्यांनी विचारले, “हे काय आहे?” मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. कोणासच उत्तर देता येईना.

तो प्रश्न ऐकून आम्हांस यहोशवाच्या चौथ्या अध्यायाची आठवण झाली, आणि आज त्याच अध्यायाच्या आधाराने आपणांशी चार शब्द बोलावे असे मनात आहे.

इस्राएल लोक यार्देन उतरले, तेव्हा देवाच्या आज्ञेवरून प्रत्येक वंशातून एक असे बारा पुरुष निवडले गेले. याजकांचे पाय नदीच्या पात्रात जेथे स्थिर उभे होते, तेथून त्यांनी बारा धोंडे खांद्यावर वाहून आणले, आणि यहोशवाने ते गिलगाल येथे उभे केले. ह्या धोंड्यांवर काही अक्षरे कोरली होती असे शास्त्र सांगत नाही. ते नदीतले साधे धोंडे होते. मग ते कशासाठी? पुढे लेकरे त्यांचा अर्थ विचारतील, तेव्हा वडिलांनी तो सांगावा यासाठी. एकाच अध्यायात ही गोष्ट दोन वेळा आली आहे. निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडणाविषयी आणि अनुवादाच्या पुस्तकात आज्ञांविषयीही लेकरांच्या अशाच प्रश्नाचा उल्लेख आहे. देवाला ठाऊक होते की पुढची पिढी विसरेल असे नव्हे, तर तिला मुळात माहीतच नसेल. म्हणून विचारण्याचा हक्क त्याने लेकरांना दिला, आणि सांगण्याचे ओझे वडिलांवर ठेवले. सांगणारा मेला व त्याने सांगितले नाही, तर बारा धोंडे हे केवळ बारा धोंडेच राहतात.

आपल्या घरोघरी असे मुके धोंडे पडलेले आहेत. काही वस्तू आपले वय आपणच सांगतात; मध्ये भोक असलेला तांब्याचा पैसा हाती आला, तर त्यावर १९४३ ते १९४७ यांपैकी एखादे साल छापलेले सापडते. परंतु बटव्यात राहिलेली चकमक काहीच बोलत नाही. लोखंडाचा वाकडा तुकडा, एक गारगोटी आणि चिमूटभर कापूस पाहून आजचे लेकरू त्यास खेळणे समजते. आगपेटी नसलेल्या घरात ह्याच तुकड्याने चूल पेटत असे, हे कोणी सांगितल्याशिवाय त्यास कसे कळावे? मन्ना प्रथम दिसला, तेव्हा इस्राएल लोकांनीही हे काय आहे असेच एकमेकांस विचारले, आणि मोशेने सांगितले तेव्हाच त्यांस कळले की ही देवाने दिलेली भाकर आहे.

आता पहिला विचार असा की, वस्तू ओळखल्यावाचून तिचा न्याय करू नये.

हे आम्ही दुसऱ्यास शिकवावे म्हणून सांगत नाही. आम्ही स्वतः केलेला अपराध आपणांपुढे कबूल करीत आहो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, सेवेच्या आरंभीच्या काळात, एका घरच्या लोकांनी आम्हांस घाबऱ्या घाबऱ्या बोलावून नेले. पेटीच्या तळाशी एक जुनी वही सापडली होती. तिच्या प्रत्येक ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढलेली, आणि तिच्याखाली वाकडीतिकडी अक्षरे एकात एक गुंतलेली होती. हे मंत्रतंत्राचे बाड असावे व घरातील आजार त्यामुळेच असावा, असे त्यांस वाटले. आम्ही नुकतेच सेमिनरीतून बाहेर पडलो होतो, आणि आपणांस सर्व कळते असा आमचा समज होता. आम्ही प्रार्थना केली आणि ती वही अंगणात जाळली. काही महिन्यांनी त्याच घरच्या एका मुलीच्या शाळेच्या पुस्तकात त्या वहीचे गळून पडलेले एक पान आम्हांस दिसले. ते आम्ही मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस दाखविले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले. त्यावर त्या गावी प्रथम बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची नावे होती, आणि शेवटी ज्या उपदेशकाने ती लिहिली त्याची सही होती. तो उपदेशक त्या घरचाच मूळ पुरुष होता. आपल्या हातांनी आम्ही त्या मंडळीचे जन्मपत्र जाळले होते. त्या मुलीचे आजोबा आम्हांस काहीच बोलले नाहीत. परंतु त्यांचे ते न बोलणे आम्ही अजून विसरलो नाही.

योशीया राजाच्या अठराव्या वर्षी मंदिराची दुरुस्ती चालली असता हिल्कीया याजकास नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. त्याने काय केले? ते त्याने शाफान चिटणिसाच्या हाती दिले. शाफानाने ते वाचले. मग राजापुढे वाचले. आणि तरीही राजाने घाई न करता हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून विचारविले. आधी वाचन, मग चौकशी, आणि त्यानंतर कृती. आम्ही कृतीपासून आरंभ केला. बंधूंनो, ही चूक आपण करू नका. जे कळत नाही ते सैतानाचेच असले पाहिजे असे मानणे हा विश्वास नव्हे. ती भीती होय, आणि अज्ञानाने तिला विश्वासाचा अंगरखा घातलेला असतो.

दुसरा विचार असा की, ओळख पटल्यावर जे सोडावयाचे ते मोकळ्या मनाने सोडावे.

त्या गाठोड्यातील चांदीचे पत्रे ओळखण्यास वेळ लागला नाही. ते देव्हाऱ्यातील टाक होते; प्रत्येकावर एकेक मूर्ती ठोकून उठविलेली होती. परंतु ख्रिस्ती घराच्या छतात टाक कसे आले? घरची ऐंशी ओलांडलेली आजी लिंबाखाली बाजेवर बसली होती. ती म्हणाली, “माज्या आजेसासऱ्यानं ठिवलं आसतील. थोरल्या दुष्काळात त्यानं बाप्तिस्मा घेतला. पण मनात भ्या व्हतं त्याच्या. हे देव रागावले तर, आसं वाटायचं.” १८९९–१९०० च्या त्या दुष्काळात पोटातील आग व मनातील भय ही दोन्ही घेऊन जो मनुष्य प्रभूकडे आला, त्यास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्याने दोन डगरींवर पाय ठेवला खरा. परंतु राहेलीनेही आपल्या बापाच्या कुलदेवता उंटाच्या खोगिरात लपविल्या होत्या, आणि तरीही देवाने तिच्या घराण्यास टाकले नाही. पुढे याकोबाने घरातील सर्व परके देव गोळा करून शखेमाजवळच्या झाडाखाली पुरले. त्याने त्यांची टवाळी केली नाही व त्यांचे भयही धरले नाही. ते पुरले आणि तो बेथेलाच्या वाटेस लागला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. वस्तू वाईट मुळातून आली तरच ती पाश होते असे नाही. मोशेने रानात उभारलेला पितळी सर्प देवाच्याच आज्ञेने केलेला होता, आणि त्याकडे पाहून लोक वाचले होते. कालांतराने त्याचा अर्थ सांगणारे गेले, सर्प तेवढा उरला, आणि लोक त्यापुढे धूप जाळू लागले. म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आपल्यांतही कोणी आजोबांचे शास्त्र उघडून वाचीत नाहीत, परंतु लेकरू आजारी पडले की ते उशाखाली ठेवतात. मग टाक आणि ते न उघडलेले शास्त्र यांत भेद तो कोणता राहिला?

त्या कुटुंबाने ते टाक सोनाराकडे नेऊन वितळविले. शेजारच्या देव्हाऱ्याविषयी एकही उणा शब्द त्या घरात निघाला नाही, हे पाहून आम्हांस विशेष समाधान वाटले. आपण आपले घर स्वच्छ करावे. दुसऱ्याच्या अंगणात केर लोटू नये.

तिसरा विचार सर्वांत कठीण आहे. लेकरांना उत्तर द्यावयाचे, तर ते खरे द्यावे.

काठी हाती घेऊन आम्ही मोठ्या ऐटीने सांगितले की, ही टपालाच्या हरकाऱ्याची काठी असावी. पूर्वी टपाल पायी जात असे, हरकाऱ्याच्या काठीस घुंगरे असत, आणि रानातून जाताना ती वाजत, हे आम्ही वाचले होते. घरचा थोरला मुलगा सरकारी नोकरीत आहे. त्याच्या मुलीची सोयरीक त्याच महिन्यात ठरावयाची होती. त्याचा चेहरा उजळला. “तर मग आमचे आजोबा टपालखात्यात होते, असे सांगता येईल,” असे तो म्हणाला. तेव्हा आजी बाजेवरून उठली, काठी टेकीत आली, आणि तिने त्या घुंगरांवर हात ठेवला.

“पाळकसायेब, टपालाची न्हाई ही. ही वेसकराची घुंगुरकाठी हाय. माज्या सासऱ्याची.”

कोणी काही बोलेना. मग मुलगा हळूच म्हणाला, “आई, ही जाळून टाकू. पाहुणे यायचे आहेत.”

प्रिय वाचकहो, आपल्या पुष्कळ मंडळ्यांच्या पूर्वजांकडे ही वेसकरकी होती. वेशीवर पहारा करणे, सरकारी निरोप गावोगाव पोहोचविणे, मेलेली गुरे ओढणे, आणि ह्याबद्दल खळ्यावर बलुते व दारोदार शिळी भाकर मागून घेणे, असा तो वतनाचा फास होता. १८७४ च्या कायद्याने तो सरकारी नियमांत बांधला गेला. तो बदलावा म्हणून १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. आणि अखेर १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची ही कनिष्ठ वतने रद्द झाली. पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तोपर्यंत त्यांच्या हातची काठी सुटली नव्हती. रविवारी जो उपासनेत पहिल्या रांगेत बसे, तोच सोमवारी वेशीवर उभा राहून जोहार करी.

आजी सांगत होती. घुंगरू वाजले की दारातील माणसे बाजूस सरत. सून म्हणून घरात आली तेव्हा तो आवाज ऐकून तिला रडू येई. परंतु तिने दुसरीही गोष्ट सांगितली. शेतसाऱ्याची थैली तालुक्याच्या खजिन्यात पोहोचविण्यास हाच सासरा जात असे. रात्रीचे रान, सोबतीस ही काठी, आणि साऱ्या जन्मात एक पैसा उणा झाला नाही. शेताच्या बांधावरून भाऊ भाऊ भांडले, की हद्द कोठे आहे हे त्यालाच विचारीत, आणि तो सांगे ते दोघेही मानीत. ज्याला गावाने शिवू दिले नाही, त्याच्याच हाती गावाने आपली थैली दिली होती! वतन गेल्याची खबर आली त्या दिवशी त्याने काठी स्वतः गुंडाळली व तुळईवर खोचली. “आता ही नुस्ती काठी,” एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा तिला त्याने हात लावला नाही.

बंधुभगिनींनो, आम्ही हरकाऱ्याची गोष्ट सांगितली ती चूक होती. परंतु ती चूक आहे असे कळल्यावरही ती तशीच राहू द्यावी, असे क्षणभर आमच्याही मनात आले, हे पाप होते. देवाने इस्राएलास काय सांगितले? तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका, असे त्याने पुनःपुन्हा बजाविले. राजे होता असे सांगा, असे तो म्हणाला नाही. आपल्या दास्याची लाज आपण का वाटून घ्यावी? लाज ज्याने जू लादले त्याची. जू वाहून जो विश्वासू राहिला त्याची नव्हे. दास्य झाकले, तर सुटकाही झाकली जाते. यार्देनचे पाणी खोल होते हे सांगावयाचे नसेल, तर त्यातून कोरड्या पायांनी आणणाऱ्याची स्तुती कोण करील?

चौथा विचार मापट्याविषयी. दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली, हा हिशेब आजच्या लेकरांना ठाऊक नाही. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि जुनी मापे अडगळीत पडली. घरच्या सुनेने ते चिंच लावून घासावयास घेतले होते. आजीने तिचा हात धरला आणि मापटे पालथे करून दाखविले. बुडावर खिळ्याने ओढलेल्या दोन रेघा होत्या. एक उभी, एक आडवी. ते प्रभूचे मापटे होते. तिची सासू घरात येणाऱ्या धान्यातून पहिले माप ह्याने मोजून मंडळीसाठी बाजूस ठेवी. बलुत्याचे धान्य असो की मजुरीचे, पहिले माप हेच. १९७२ च्या दुष्काळात घरातील माणसे खडी फोडावयास जात होती आणि रेशनवर तांबडा मिलो मिळत होता. त्या मिलोचेही पहिले मापटे सासूने भरले, तेव्हा सुनेने तिच्याशी भांडण केले होते. “लेकरं उपाशी अन् ह्ये कुटं?” असे ती म्हणाली होती. त्यावर सासू म्हणाली, “आपलंच पोट भरलंय आसं मोजून दावाया एक तरी माप पायजे, पोरी.” त्या वर्षी ते मापटे मंडळीतील एका विधवेच्या घरी जात असे, हे सुनेस पुढे पुष्कळ दिवसांनी कळले.

दोन रेघा घासून गेल्या असत्या, तर जुन्या पितळेच्या भावाने ते मापटे मोडीत गेले असते.

आता उपदेशक बंधूंस व घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी. ह्या आठवड्यात आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि एकेक जुनी वस्तू त्यांच्या हाती द्या. डोळ्यांस न दिसले तरी हातास आठवते. वस्तू कोठे झिजली आहे ते पाहा. जेथे झीज तेथे तिचे काम. ओळख पटेपर्यंत राख किंवा चिंच लावून घासू नका, रंगवू नका, भंगारवाल्यास देऊ नका. जे कळेल ते चिठ्ठीवर लिहून, सांगणाऱ्याचे नाव व दिवस घालून, वस्तूस बांधा. मोडी कागद सापडला तर तो जाळू नका व ओल्या जागी ठेवू नका, जाणत्यास दाखवा. पुण्यास १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी असे कागद जपले आहेत, आणि मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. आणि आपणांस ठाऊक नसेल तर “ठाऊक नाही” असे म्हणावे. पाळकाने तर ते आधी म्हणावे.

त्या कुटुंबाचे नवे घर नाताळापूर्वी पुरे झाले, व घरार्पणाच्या उपासनेस आम्ही गेलो. आजी पावसाळ्यात प्रभूमध्ये निजली होती. समोरच्या भिंतीवर ती काठी लावलेली होती. तिची घुंगरे तशीच गंजलेली. सोयरे जमले होते. त्यांच्यातील एका लहान मुलाने बोट दाखवून विचारले, “हे काय आहे?” थोरला मुलगा उठून उभा राहिला. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व सांगितले. मध्ये दोनदा त्याचा आवाज अडखळला. कोणी उठून गेले नाही.

पौलाने तीमथ्यास त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण दिली. त्या दोघींनी त्यास सोने-नाणे दिल्याचे आपण वाचीत नाही. त्यांनी त्यास जे दिले त्यास कसर लागत नाही व चोर ते नेत नाही. काठी एक दिवस कुजेल, पितळ झिजेल. परंतु जे सत्य एका मुखातून दुसऱ्या कानात गेले, ते वतन कोणताही कायदा रद्द करीत नाही. आपल्या म्हाताऱ्यांची तोंडे मिटण्यापूर्वी आपण त्यांस विचारावे, आणि आपली मिटण्यापूर्वी आपण लेकरांस सांगावे.

हे प्रभू, आमच्या वडिलांच्या देवा, आम्ही न वाचता जे जाळले त्याची आम्हांस क्षमा कर. जे सोडावयाचे ते सोडण्यास धैर्य दे, जे ठेवावयाचे ते ओळखण्यास डोळे दे, आणि लेकरू विचारील तेव्हा खरे बोलणारी जीभ दे. आमेन.